खाडीपलीकडची मुंबई

हल्ली आमच्या सांगलीत ज्याला त्याला परदेश घडतो आहे. शेजारचे गृहस्थ यंत्रांच्या सुट्या भागांच्या व्यवहारासाठी चार दिवस बँकॉकला जाऊन येतात आणि पुढचे चार महिने आम्हांला बँकॉक ऐकवतात. समोरच्या वाड्यातला मुलगा संगणकाच्या कामासाठी आठवडाभर सिंगापूरला जातो आणि परत येतो तो चॉकलेटांचे डबे आणि तिथल्या स्वच्छतेचे गुणगान घेऊन. माझ्या एक लक्षात आले आहे, की कामासाठी परगावी गेलेला माणूस परतल्यावर कामाविषयी कधीच बोलत नाही. तो बोलतो काम उरकल्यावर हाती उरलेल्या अर्ध्या दिवसाविषयी.

मराठीच्या प्राध्यापिकेला कामासाठी बँकॉकला कोण पाठवणार? तरीही गेल्या मे महिन्यात आशियातल्या एका महानगरात तीन दिवसांची कामगिरी माझ्या वाट्याला आली. पारपत्र लागले नाही, महालक्ष्मी एक्सप्रेसचे तिकीट तेवढे लागले. कारण ते महानगर मुंबई होते. काम परीक्षेसंबंधीचे होते. त्याविषयी अधिक लिहिता येत नाही, कारण ते गोपनीय. आणि लिहिता आले असते तरी कोणी वाचले नसते. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार फोर्टातल्या एका थंडगार खोलीत गेले. परतीची गाडी रविवारी रात्रीची. म्हणजे शेजाऱ्यांच्या अर्ध्या दिवसाच्या जागी मला चांगला एक आख्खा दिवस मिळाला होता.

मुंबईत आता पाहायचे काय राहिले आहे, असे आपणां सर्वांनाच वाटते. राणीची बाग लहानपणी पाहिलेली, गेटवे लग्नानंतर, आणि सिद्धिविनायक मुलांच्या दहावीच्या वर्षी. परक्या शहरात आपण नकाशा घेऊन हिंडतो. मुंबईत मात्र नातेवाईक घेऊन हिंडतो, आणि नातेवाईक आपल्याला स्वतःला ठाऊक असलेली मुंबईच दाखवतात. म्हणून ह्या खेपेस मी ठरवले, की आपण परदेशात आलो आहोत असे समजायचे आणि नकाशा उघडायचा. माझी धाकटी बहीण बोरिवलीला राहते. तिच्या जेवणाच्या टेबलावर मी शनिवारी रात्री नकाशा पसरला. दक्षिणेकडून बोट सरकवीत उत्तरेला आले, तो बोरिवलीच्या पश्चिमेला खाडीची निळी रेघ लागली आणि त्या रेघेच्या पलीकडे, समुद्राला पाठ लावून बसलेली जमिनीची एक लांबट पट्टी दिसली. तिच्यावर नाव होते गोराई.

"अगं ताई, गोराईला काय जायचंय?" बहीण म्हणाली. "पंधरा वर्षं झाली आम्हांला इथे. मुलांना घेऊन त्या बागेत गेलो होतो तेवढंच."

ती बाग म्हणजे १९८९ साली तिथे निघालेले मनोरंजन उद्यान. त्याच्या जाहिरातींमुळे मुंबईच्या एका सबंध पिढीला गोराई हे नाव पाठ झाले. माझी भाचीही शाळेच्या सहलीतून तिथे तीनदा गेली होती. "पण मावशी, गोराईला गाव आहे हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी जन्मापासून बोरिवलीत वाढलेली. गाव तिच्या घरापासून जेमतेम काही मैलांवर. मी तिला म्हटले, "मग उद्या तूच माझ्याबरोबर चल."

बोरिवली स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला "गोराई" असे सांगितले, की तो विचारतो, "एक की दोन?" कारण खाडीच्या अलीकडेही गोराई आहेत. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप आणि गोराई येथे आखीव वसाहती उभ्या राहिल्या. ठरीव मापाचे भूखंड, त्यांवर लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधलेली घरे. मुंबईच्या मध्यमवर्गाला आणि त्याहून खालच्या थराला त्या वसाहतींनी डोक्यावर छप्पर दिले, ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्या गावावरून त्यांना नाव मिळाले ते गाव पाण्यापलीकडे राहिले, आणि लोकांच्या बोलण्यात गोराई म्हणजे अलीकडचीच झाली. "खाडीपर्यंत," असे आम्ही सांगितले, तेव्हा कुठे रिक्षा हलली.

खाडीच्या काठी तिवरांची दाट झाडी आहे आणि तिच्यामधून धक्क्यापर्यंत रस्ता जातो. धक्क्यावर तर लागलेली होती. 'तर' हा शब्द मी वर्गात संतवाङ्मयाच्या तासाला अनेकदा समजावून सांगितला आहे. भवसागराच्या संदर्भात मुलांना तो कळतो, परीक्षेत ती लिहितातही. येथे तो धुराचा भपकारा सोडीत, फळ्यांवरून दुचाक्या चढवून घेत, प्रत्यक्ष उभा होता. माणसे आणि स्कूटरी एकमेकांना खेटून. एका कोपऱ्यात दोरीने बांधलेले नवे कोरे लोखंडी कपाट, त्याच्या शेजारी त्याचा मालक, कपाटावर हात ठेवून. जणू ते पाण्यात उडी घेईल. दोन कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन परत निघाल्या होत्या. त्यांचा बाजार सकाळीच आटोपला होता. सहलीला निघालेली पोरे मोबाइलवर स्वतःचीच छायाचित्रे घेत होती. खाडी ओलांडायला काही मिनिटेच लागतात. पण ज्यांचे दूधपाणी, शाळा, नोकरी, कपाट आणि दवाखाना ह्या काही मिनिटांवर अवलंबून आहे, त्यांच्या दिवसाचे घड्याळ तरीच्या वेळांवर चालते.

मध्यावर आल्यावर भाचीने मला दोन्हीकडे पाहायला लावले. पुढे, झाडीच्या वर, उन्हात झळाळणारा पॅगोडाचा सोनेरी कळस. मागे, बोरिवलीच्या काठावर, गवताने झाकलेली एक बुटकी हिरवी टेकडी. "ती टेकडी नाही, मावशी. तो कचरा आहे," ती म्हणाली. ते खरे आहे. १९७२ पासून २००७ पर्यंत पस्तीस वर्षे मुंबईचा कचरा येथे टाकला जात होता. सुमारे २३ लाख टन कचरा जवळजवळ २० हेक्टर जागेवर साचला. मग तो सारखा करून, वर आच्छादन घालून, माती पसरून त्यावर गवत लावण्यात आले. हे काम अभ्यासण्यासारखे आहे असे जाणकार म्हणतात, आणि ते पाहून मलाही बरे वाटले. पण मनात आले, की शहराच्या दारात कचरा नको म्हणून जी जागा निवडली, ती कुणाच्या तरी दारासमोरच होती. खाडीपलीकडच्या गावाला पस्तीस वर्षे वारा कोणता वास घेऊन येत असेल?

गोराई ज्या पट्टीवर वसली आहे तिचे जुने नाव धारावी बेट. ह्या नावाने गोंधळून जाऊ नये. माहीमजवळची धारावी वेगळी. ह्या बेटावर मनोरी, गोराई, कुळवे, उत्तन, डोंगरी, पाली, चौक अशी गावे आहेत. त्यांपैकी गोराई, मनोरी, कुळवे ही मुंबई महापालिकेच्या हद्दीत येतात. उत्तनपासूनची गावे मीरा-भाईंदरकडे आणि ठाणे जिल्ह्यात. बेट एक, शेते एकमेकांना लागून, सोयरीकही आपसांत. सरकारे मात्र दोन. खुष्कीने गोराईला यायचे तर भाईंदरवरून उत्तनमार्गे मोठा वळसा घालावा लागतो. म्हणजे मुंबईतल्या ह्या गावाला रस्त्याने मुंबईत जायचे, तर आधी मुंबईबाहेर पडावे लागते!

इतिहासातही ह्या पट्टीचे नशीब मुंबई बेटाहून निराळे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई आणि तिच्याखालची बेटे पोर्तुगीजांना दिली. पुढे मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारात इंग्रजांकडे गेले, पण साष्टी आणि धारावी पोर्तुगीजांकडेच राहिली. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३९ साली वसईच्या आधी धारावीचा कोट मराठ्यांनी घेतला. वसईचे नाव आपण शाळेत घोकतो. धारावी मात्र पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते आणि जाते. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी जिंकली. आणि बोरिवली-मुलुंडकडची उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली ती १९५७ साली. बहादूरशहा, पोर्तुगीज, पेशवे, इंग्रज आणि महापालिका असे पाच धनी ह्या मुलुखाने पाहिले. भात मात्र तेच पिकले, आणि भाषाही तीच राहिली. ती कशी राहिली, ते मला त्या दिवशी ऐकायला मिळाले.

तरीतून उतरून आम्ही गावाच्या रस्त्याला लागलो. रस्त्याच्या कडेला ताडाची झाडे, त्यांच्या सावलीत ताडगोळे विकणारी बाई. वळणावळणावर पांढरे क्रूस, त्यांना शेवंतीच्या माळा. कौलारू घरे आणि त्यांचे रुंद ओटे. मध्येच एखाद्या जुन्या घराच्या जागी उभी राहिलेली रंगीत, चकचकीत दुमजली इमारत. तीन राजांच्या नावाचे चर्च गावात आहे. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ते तीन ज्ञानी पुरुष, त्यांचे. रविवारची प्रार्थना नुकतीच सुटली होती. ठेवणीतल्या लुगड्यातल्या आज्या, कडक इस्त्रीच्या शर्टातले पुरुष आणि केसांना फिती लावलेल्या मुली घरोघर परतत होत्या. त्यांच्या गप्पा कानांवर पडल्या आणि मी थांबले. ती मराठी होती. माझ्या सांगलीची नव्हे, पुण्याची तर नव्हेच. पण अस्सल मराठी.

हे लोक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतके राहणाऱ्यांनी 'पूर्वेचे' हे नाव का घ्यावे? त्याची कथा १८८७ सालची. विक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला त्या वर्षी पन्नास वर्षे झाली. त्या काळात गोव्याकडून आणि मंगळूरकडून ख्रिस्ती लोक नोकरीधंद्यासाठी मुंबईत येत होते. त्यांच्याहून आपण निराळे, आपण येथलेच, हे दाखवण्यासाठी येथल्या ख्रिस्ती मंडळींनी ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून हे नाव उचलले. येथले भूमिपुत्र आहोत हे सांगायला त्यांना एका विलायती कंपनीचे नाव घ्यावे लागले! मुंबईत आपली ओळख पटवण्यासाठी काय काय करावे लागते, त्याचा हा जुना दाखला.

एका ओट्यावर, उन्हाच्या तिरिपेत, वर्तमानपत्रांवर लाल मिरच्या आणि धणे वाळत घातले होते. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी बसल्या होत्या. आम्ही घुटमळलो, तशा त्याच म्हणाल्या, "या, बसा. ऊन कवरा परलाय!"

आम्ही बसलो. आत वळून त्यांनी कुणाला तरी पाणी आणायला सांगितले, आणि मग माझी चौकशी सुरू केली. मी सांगलीची म्हणताच त्यांचा चेहरा खुलला. "सांगलीशी आयल्या? मंग हलद तुमचेकरशीच येतं!"

खरोखर, सांगलीची हळद मुंबईच्या बाजारातून गोराईच्या ओट्यावर पोचली होती. आजींचे चालले होते ते बाटली मसाल्याचे काम. पावसाळ्यापूर्वी एप्रिल-मे महिन्यांत हा वर्षाचा मसाला होतो. मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, इतकेच नव्हे तर गहू आणि चणेसुद्धा. वीस-पंचवीस जिनसा सहज होतात. त्या वाळवायच्या, एकेक निराळी भाजायची, लाकडी उखळीत कुटायची आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायची, म्हणजे उजेडाने रंग उतरत नाही. त्या बाटल्यांवरून मसाल्याचे नाव पडले. जिनसांची मापे घराघराची वेगळी. ती आईकडून लेकीला नि सासूकडून सुनेला कळतात, मला मात्र हसून सांगितले गेले, की "ता नाय सांगाचा."

माझे लक्ष मसाल्यापेक्षा बोलण्याकडे होते. पाण्याचे पानी, हळदीची हलद, गाडीची गारी. ण चा न, ळ चा ल, ड चा र. हे नियम इतके काटेकोर, की पंधरा मिनिटांत मी आजींचे पुढचे वाक्य मनात जुळवू लागले. आणि हे उच्चार काही ख्रिस्ती लोकांपुरते नाहीत. ह्या किनाऱ्यावरचे आगरी आणि कोळीही असेच बोलतात. धर्म बदलला तो सोळाव्या शतकात. जीभ त्याही आधी येथे वळण घेऊन बसली होती. ह्या उत्तर कोकणाचे जुने मराठी लेखन 'महिकावतीच्या बखरी'त आहे. तिचा एक भाग शके १३७० चा, म्हणजे १४४८ सालचा. ती राजवाड्यांनी १९२४ साली छापून प्रसिद्ध केली. विद्यापीठांत आम्ही ती अभ्यासतो, तिच्यावर टिपणे काढतो. त्या मुलुखाची जिवंत भाषा मात्र ओट्यावर मिरच्या निवडीत बसलेली असते, आणि तिच्याकडे जायला तरीत बसावे लागते.

ख्रिस्ती मराठी म्हटले की आपल्याला फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' आठवते. १६१६ साली गोव्यात रोमी लिपीत छापलेले हे ओवीबद्ध काव्य एका इंग्रज जेझुइटाने रचले. विशेष म्हणजे तो ज्या साष्टीत राहिला ती गोव्याची साष्टी, आणि आम्ही बसलो होतो तो मुलूख मुंबईच्या साष्टीला लागून. दोन्हीकडच्या लोकांनी देव बदलल्यावरही प्रार्थनेची भाषा दूर लोटली नाही. आणि उसनवारी म्हणाल, तर ती आपण सर्वांनीच केली आहे. आजींनी धणे घमेल्यात ओतले. घमेले हा शब्द पोर्तुगीज. चावी, बिजागरी, लिलाव, पगार हेही त्यांचेच. पगाराची तारीख जवळ आली की सांगली, सातारा आणि सोलापूर ह्या तिन्ही ठिकाणचे शुद्धलेखनप्रेमी पोर्तुगीज बोलू लागतात!

एवढ्यात पाणी आले. ते घेऊन आला आजींचा नातू, तिशीतला, बोरिवलीत बँकेत काम करणारा. तो माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलला, भाचीशी इंग्रजीत, रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला त्याने हिंदीत हाक मारली आणि आजीकडे वळून तिच्या बोलीत काहीतरी सांगितले. चार भाषा, चार दमांत. त्याची दोन वर्षांची मुलगी त्याच्या पायांत घोटाळत होती. तिच्याशी तो इंग्रजीत बोलत होता.

"घरी आम्ही हिच्याशी इंग्लिशच बोलतो," तो म्हणाला. "शाळेत प्रवेश मिळायला हवा ना. आजीचं हिला कळतं. बोलायला मात्र येईल असं वाटत नाही."

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मुलीच्या हातातली मिरची काढून घेतली, पदराने तिची बोटे पुसली आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. मुलगी खुदकन हसली. तिला ते कळले होते.

पाण्याचा पेला हाती घेतल्यावर माझी नजर ओट्याखाली गेली. निळ्या पिंपांची एक रांग होती आणि प्रत्येकाच्या तोंडावर फडके बांधलेले होते. नातवाने माझ्या नजरेचा रोख ओळखला. मे महिन्यात नळाची धार करंगळीएवढी होते, म्हणाला. मग टँकरची वाट पाहायची. मी अर्धा पेला पिऊन उरलेले पाणी भाचीला दिले. टाकवेना.

मुंबईला नळाचे पहिले पाणी मिळाले ते १८६० साली, विहार तलावातून. आणि विहार तलाव ह्याच साष्टीच्या डोंगरात आहे. तेव्हापासून साष्टी शहराला पाणी पाजते आहे. आता शेजारच्या मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या प्रकल्पाची आखणी महापालिका २०२१ पासून करीत आहे. पहिल्या टप्प्यात रोज २० कोटी लिटर पाण्याची योजना आहे. ते पाणी आधी कोणत्या नळाला येते, त्यावर ओट्याखालच्या पिंपांचे भवितव्य ठरेल.

मी सहज विचारले, खाडीवर पूल झाला तर?

"व्हायलाच हवा," नातू चटकन म्हणाला. मग जरा थांबून त्याने सांगितले. मुलीच्या जन्माच्या वेळी बायकोला कळा सुरू झाल्या त्या रात्री अकराला. तर बंद झालेली. खाडीपलीकडे बोरिवलीचे दिवे ह्या काठावरून दिसतात. गाडी मिळवून, भाईंदरचा वळसा घालून दवाखाना गाठेपर्यंत त्याने जे काही अनुभवले, ते त्याने दोनच वाक्यांत आटोपले. ऐकताना भाचीने माझा हात घट्ट धरला होता.

आजी मिरच्यांची देठे खुडीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पूल होवदे. आजारी मानसाला बरा परल. पन पुलावरशी आमी जानार तिकरं, न सगली मुंबई येनार इकरं."

पुलाच्या वादावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आलेले मी वाचले आहेत. दोन्ही बाजू इतक्या थोडक्यात मांडलेल्या कुठे वाचल्या नाहीत. आजींची धास्ती हवेतली नाही. २००६-०७ च्या सुमारास ह्या बेटावर पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा बेत निघाला होता. शेते, घरे, किनारे ह्यांचे पुढे काय होणार, ह्या काळजीने गावे एकत्र आली, आणि विरोधापुढे तो बेत मागे पडला. पण शहराजवळची मोकळी जमीन म्हणजे लग्नाला आलेली मुलगी. विचारणारे थांबत नाहीत.

निघताना आजींनी गेल्या वर्षीच्या मसाल्याची एक बाटली माझ्या हाती ठेवली. पैशांचे नाव काढताच त्या म्हणाल्या, "तुमचीच हलद हाय त्यान." पुन्हा या म्हणाल्या, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी अगेरा असतो, तेव्हा. नव्या भाताची कणसे देवळात नेऊन आशीर्वाद घ्यायचा हा सण. चर्चलाही त्या देऊळच म्हणाल्या. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास नवान्न होते, त्याचेच हे भावंड.

समुद्रकिनाऱ्याचे वर्णन मी करीत नाही. तो लांबरुंद आहे, रविवारी गजबजलेला असतो, आणि ज्यांना तो हवा असतो त्यांना तो सापडतोच. आम्ही रिक्षा करून पॅगोडाकडे गेलो.

ही वास्तू जवळून पाहिल्यावर माणूस आपोआप हळू बोलू लागतो. म्यानमारमधल्या यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या धर्तीवर ती बांधली आहे. उंची ९६ मीटर. आतल्या घुमटाचा व्यास ८५ मीटरांच्या वर, आणि इतक्या मोठ्या छताला आधाराला एक खांब नाही. जोधपुरी दगड एकमेकांत अडकवून तो पेलला आहे. आम्हां सांगलीकरांना विजापूरचा गोलघुमट म्हणजे शाळेच्या सहलीचा. त्याचा व्यास ३८ मीटरांच्या आसपास. तेव्हा हिशेब वाचकांनीच करावा. आत आठ हजार माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात. आमच्यासारख्या पाहुण्यांना काचेआडून पाहता येते. मधोमध, उंचावर, बुद्धाचे अवशेष ठेवले आहेत. २००९ च्या फेब्रुवारीत त्या वेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

ज्यांच्या प्रेरणेने हे झाले ते सत्यनारायण गोएंका १९२४ साली मंडालेला जन्मले. मंडाले म्हटले की मराठी माणसाला लोकमान्य आणि 'गीतारहस्य' आठवते. त्याच मंडालेत जन्मलेल्या ह्या व्यापाऱ्याने ब्रह्मदेशात विपश्यना शिकून घेतली आणि १९६९ साली ती भारतात आणली. भारतातून गेलेली विद्या तिकडे जपली गेली, तिची परतफेड म्हणून हा ब्रह्मी घाट येथे उभा आहे.

पण हे पाहताना मला सारखी बोरिवलीच्या दुसऱ्या बाजूची आठवण होत होती. स्टेशनाच्या पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या रानात, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला घेतलेली. तेथे भिक्षूंनी पावसाचे पाणी साठवण्यासाठी खडकात टाकी खोदली. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे, आणि ज्यांनी ती दान केली त्यांची नावे दगडावर कोरली आहेत. एका बाजूला कान्हेरी, दुसऱ्या बाजूला पॅगोडा, आणि मध्ये रेल्वेच्या रुळांवर धावणारी बोरिवली! दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने डोंगरात राहणाऱ्यांसाठी पाण्याची सोय केली त्याचे नाव आजही वाचता येते. शहरे कोणत्या कामामुळे आठवणीत राहतात, ते मुंबईला कुणी शिकवायला हवे असे नाही. ते तिच्याच डोंगरात लिहून ठेवलेले आहे.

पॅगोडाच्या बाजूची नाव निराळी आहे. तिने आम्ही परतलो. संध्याकाळ होत आली होती. बोरिवलीच्या उंच इमारतींत एकेक दिवा लागत होता. भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "मावशी, त्या आजी बोलत होत्या ती भाषा कुठे शिकवतात का?" शिकवीत नाहीत, असे मी सांगितले. ती फक्त घरात मिळते, आणि त्यासाठी घर जागेवर राहावे लागते.

वाचकहो, कामाच्या निमित्ताने तुमचेही मुंबईला जाणे होत असेल. एखादा रविवार हाती उरला, तर गोराईला जरूर जावे, तरीने जावे. पुढे केव्हातरी पूल होईलही. रात्री अकराला कळा आलेल्या बाईसाठी तो व्हायलाच हवा, ह्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तो झाल्यावर मात्र त्यावरून पलीकडे जाणाऱ्या आपण सर्वांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे पाहुण्याची एक जुनी रीत आहे. पाहुणा दारात चपला काढतो, घरच्यांचे बोलणे त्यांच्या बोलीत ऐकून घेतो, आणि पाणी मागण्यापूर्वी घरात पाणी आहे की नाही ह्याचा अंदाज घेतो. सबंध मुंबई जेव्हा आजींच्या ओट्यावर येईल, तेव्हा तिला एवढी रीत आठवावी.